करडाचं जंताचं औषध न्यायला येताना वजन घेऊन या

"मागच्या खेपेला नेलेल्या औषधाचा काही उपयोग झाला नाही, जरा भारीतलं द्या." आषाढापासून दिवाळीपर्यंत आमच्या जनावरांच्या औषध दुकानाच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. बाटली नेऊन पंधरा दिवस झालेले असतात, करडू तसंच मलूल, हिरड्या पांढऱ्या, एखाद्याच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं. किती मिली पाजलं विचारलं की उत्तर येतं, "बूचभर." वजन किती होतं? "असेल सात-आठ किलो."

बहुतेक वेळा औषध चांगलंच असतं, डोस कमी पडलेला असतो. म्हणून आम्ही बाटली हातात देण्याआधी वजन विचारतो. काहींना तो वेळकाढूपणा वाटतो, तर का विचारतो ते एकदा नीट सांगून ठेवतो.

आपल्या भागात करडं पांढरी पडण्यामागे मुख्यतः एकच जंत असतो, हिमोन्कस. शेळीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, तो राहतो आणि आतल्या आवरणाला भोक पाडून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. ऐकायला हे काहीच नाही. पण पोटात ५०० जंत असतील तर रोजचे २५ मिली होतात, आणि १० किलोच्या करडाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ७०० मिली. शरीर नवं रक्त बनवत राहतं, पण त्याला हा वेग गाठता येत नाही. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार ओल असली की आठवडाभरात त्या अंड्यांतून गवतावर चढणाऱ्या अळ्या तयार होतात आणि करडाच्या पोटात गेल्यावर तीन आठवड्यांत त्यांचे मोठे जंत होतात. म्हणून गेल्या महिन्यात उड्या मारणारं करडू या महिन्यात उठत नाही.

हा जंत लेंडीत दिसत नाही, त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. लेंडीवर भाताच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात ते पट्टकृमीचे. ते बघून लोक घाबरून येतात, पण करडाचं रक्त तो पीत नाही. जो पितो त्याच्यामुळे बहुधा हगवणही लागत नाही. लेंडी छान गोल पडत असते आणि करडू आतून रिकामं होत असतं. "हागतंय तर बरोबर, मग जंत कसे?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आता वजन. १२ किलोचं करडू डोळ्यांनी ८ किलोचं धरलं तर डोस सरळ एक-तृतीयांश कमी जातो. कमी डोसात कमजोर जंत मरतात आणि ज्यांना औषध थोडंफार सहन होतं ते उरतात. पुढची पिढी त्यांचीच. असं दोन-तीन हंगाम चाललं की त्या गोठ्यात ते औषध लागूच पडत नाही, आणि मग भारीतलं आणलं तरी त्याचीही तीच गत होते. वजनाचा अंदाज चुकणं यात कमीपणा काही नाही. केसाळ करडू भरलेलं दिसतं, पोट सुटलेलं करडू जड वाटतं, आणि उंच सडपातळ करडू नेहमी हलकं धरलं जातं.

वजन करायला पाच मिनिटं लागतात. धुतलेल्या पोत्यात करडू मान बाहेर ठेवून बसवा, पोत्याचं तोंड हुकाच्या काट्याला अडकवा, काटा तुळईला किंवा झाडाच्या फांदीला टांगा, पोत्याचं वजन वजा करा. सकाळी दूध पाजायच्या आधी करा. घरात माणसांचा वजनकाटा असेल तर करडू उचलून त्यावर उभे राहा आणि नंतर स्वतःचं वजन वजा करा. मोठ्या पाटी (न व्यालेल्या तरण्या शेळ्या) आणि बोकडांसाठी टेप चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा, घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून ६६० ने भागा. घेर २० आणि लांबी २० आली तर १२ किलो. चार-पाच किलोच्या पिल्लांना मात्र टेप लावू नका, काट्यावरच घ्या. आमच्याकडे हुकाचा काटा विकायला आहे, आणि नेहमीच्या ग्राहकांना दोन दिवसांसाठी वापरायला फुकट देतो.

दुसरी गफलत बाटलीवरच्या टक्क्यांची. अल्बेंडाझोल हे जंताचं नेहमीचं औषध घ्या. २.५ टक्के म्हणजे एका मिलीत २५ मिलीग्रॅम औषध. १० टक्के म्हणजे एका मिलीत १०० मिलीग्रॅम, चौपट. शेळीसाठी डॉक्टर साधारणपणे किलोमागे १० मिलीग्रॅम धरतात, म्हणजे २.५ टक्क्यांची बाटली असेल तर ५ किलोला २ मिली, ८ किलोला ३.२ मिली, १२ किलोला ४.८ मिली. १० टक्क्यांची असेल तर १० किलोला फक्त १ मिली. शेजाऱ्याने सांगितलेले मिली तुमच्या बाटलीला लागू पडतीलच असं नाही, आधी लेबल वाचा. मेंढीचा डोस शेळीला लावू नका. शेळीचं यकृत ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीला पुरणारा डोस शेळीला अपुरा पडतो. उलट लेव्हामिसोल आणि क्लोसँटेल या जंताच्या दुसऱ्या दोन औषधांना "थोडं जास्त गेलं तर काय होतंय" हा हिशेब अजिबात चालत नाही. लेव्हामिसोल जास्त झालं तर लाळ गळते, थरथर सुटते, करडू दगावतं. क्लोसँटेल जास्त झालं तर आंधळं होतं. ही दोन्ही आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, कृपया आग्रह करू नका. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचंही तेच. १ टक्क्याचं १ मिली ५० किलो वजनाला असतं, ८ किलोच्या करडाला ते सिरिंजच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढंच येतं.

गाय-म्हशीची मोठी गोळी बाटलीभर पाण्यात विरघळवून दहा करडांना वाटायची पद्धत सोडून द्या. औषध तळाला बसतं, पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो. याच कारणाने द्रव औषधाची बाटलीही प्रत्येक करडाआधी हलवायची, एकदा हलवून सगळी रांग उरकायची नाही. अल्बेंडाझोल गाभण शेळीला बोकड लागल्यापासून पहिला दीड-पावणेदोन महिना देऊ नका, पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकतं. त्या काळासाठी फेनबेंडाझोलबद्दल डॉक्टरांना विचारा.

पाजताना बिनसुईची सिरिंज घ्या. करडाची मान सरळ ठेवा, वर ओढू नका. तोंडाच्या कडेला जिथे दात नसतात तिथून सिरिंज घालून जिभेच्या मागच्या भागावर औषध सावकाश सोडा. मान वर करून पाजलेलं औषध फुप्फुसात जातं आणि मग जंताऐवजी न्यूमोनियाचा खर्च येतो. औषध जिभेच्या पुढच्या टोकावर सोडलं तर करडू दूध चोखल्यासारखं गिळतं. मग ते मोठ्या पोटाला वळसा घालून पुढे जातं आणि त्याचा असर लवकर संपतो. खोकला आला की थांबा. धडधाकट करडांना आदल्या रात्री चारा कमी ठेवून सकाळी पाजलं तर औषध पोटात जास्त वेळ टिकतं. पाणी तोडू नका, आणि अशक्त करडाला किंवा गाभण शेळीला उपाशी ठेवू नका.

कुणाला पाजायचं हे डोळा सांगतो. दिवसाच्या उजेडात, अंगणात, करडाची वरची पापणी अंगठ्याने हलकेच दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा आणि आतला रंग लगेच बघा. उघडी पापणी धरून बघत बसलात तर ती लाल होत जाते. याचं एक ते पाच रंगांचं कार्ड दक्षिण आफ्रिकेत तयार झालं, फाफा मलान या पशुवैद्यांच्या नावावरून त्याला फमाचा म्हणतात. १ म्हणजे लालभडक, ५ म्हणजे कागदासारखा पांढरा. ४ आणि ५ ला त्याच दिवशी औषध. मोठ्या जनावराला ३ वर थांबता येतं, पण करडाच्या अंगात साठाच कमी, म्हणून त्याला ३ वरही पाजा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघा. लाल डोळ्याच्या मोठ्या शेळ्यांना दर महिन्याला औषध देण्याची गरज नसते. त्यांच्या पोटातले थोडे जंत औषधाला न सरावलेले राहतात आणि त्यांची पिलावळ सरावलेल्या जंतांत मिसळत राहते, म्हणून तुमच्या गोठ्यात औषध पुढेही लागू पडतं. यात आमच्या चार बाटल्या कमी खपतात, पण तुमच्या गोठ्यात औषध चालेनासं झालं तर पाचवी बाटली तरी कशाला न्याल? डोळे आलेले असतील किंवा धूळ गेली असेल तर रंग फसवतो, अशा वेळी हिरड्या बघा.

जबड्याखालच्या सुजेवरून घटसर्प समजून धावत येणारे बरेच असतात. बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो, हाताला गार लागते, संध्याकाळी चरून आल्यावर वाढलेली आणि सकाळी उतरलेली दिसते, तर ते रक्त आणि प्रथिनं कमी झाल्याने साठलेलं पाणी आहे. सूज गरम, दुखरी आणि सोबत ताप असेल तर वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

करडू पांढरं पडलं म्हणजे जंतच, असंही नाही. कानाच्या आत, काखेत आणि शेपटीखाली गोचीड, उवा, पिसवा बघा. एक-दीड महिन्याच्या पिल्लाला पिसवाच पुरेशा होतात. तीन आठवडे ते पाच महिने वयाच्या करडाला काळपट किंवा रक्ताची हगवण लागली असेल तर ते बहुधा कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी. त्यावर जंताच्या कुठल्याच औषधाचा उपयोग नाही, त्याचं औषध वेगळं आहे आणि ते उशिरा दिलं तर आतडं दुरुस्त होत नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे भातखाचरांच्या कडेला चरणाऱ्या शेरडांत यकृतातला चपटा जंतही असतो, तो पाणथळीतल्या गोगलगायीतून येतो. फेनबेंडाझोलच्या नेहमीच्या डोसाने तो जात नाही. खाचराकाठी चराई असेल तर तसं सांगा, आम्ही डॉक्टरांना विचारून औषध काढतो.

आता रक्तवाढीबद्दल. लोहाचं टॉनिक आधी आणि जंताचं औषध नंतर, असं करू नका. जंत पोटात असेपर्यंत टॉनिक म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. आधी जंत मारा, मग लोह, बी-१२, तांबं आणि कोबाल्ट असलेलं टॉनिक लेबलप्रमाणे द्या. रक्त दोन दिवसांत भरत नाही, पापणी गुलाबी व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर करडाला चरायला हाकू नका, पळवू नका, बाजाराला नेऊ नका. पाचव्या रंगाचं करडू नुसत्या पळापळीने कोसळतं. सावलीत बांधा, ताजं पाणी, आईचं दूध, शेवरी किंवा दशरथ घास आणि मूठभर शेंगदाणा पेंड हळूहळू सुरू करा. रक्त बनायला लोहाइतकीच प्रथिनं लागतात, आणि प्रथिनं मिळालेलं करडू पुढच्या जंतांना जास्त टक्कर देतं. उभं राहता येत नसेल तर टॉनिकची बाटली परत ठेवून डॉक्टरांना फोन करा. लोहाचं इंजेक्शन किंवा रक्त द्यायचं का, ते त्यांनीच ठरवायचं. एक सूचना मेंढ्या पाळणाऱ्यांसाठी: शेळीचं तांबं असलेलं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका, मेंढीला तांब्याची विषबाधा होते.

अळ्या गवताच्या तळाशी, चार-पाच बोटांच्या आत असतात आणि दवाच्या ओलीवर वर सरकतात. म्हणून सकाळी दव वाळल्यावर करडं सोडा, बांधावरचं बुटकं ओलं गवत टाळा, कापलेला चारा जमिनीवर न टाकता टांगून किंवा गव्हाणीत घाला. उसाचं वाडं उंचावरचं, त्यातून हा जंत सहसा येत नाही, पण नुसत्या वाड्यावर करडू वाढत नाही. ज्या रानात मेंढरं बसवली होती तिथे पावसाळ्यात करडं सोडू नका, मेंढीचा आणि शेळीचा हा जंत एकच. गाय-म्हशीने चरलेलं रान त्यापेक्षा बरं. वडगावच्या किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारातून आणलेलं करडू तीन आठवडे वेगळं बांधा आणि डॉक्टरांना विचारून आल्याबरोबर जंताचं औषध द्या, नाहीतर दुसऱ्याच्या गोठ्यातले औषधाला सरावलेले जंत तुम्ही पैसे मोजून घरी आणता. व्यायच्या सुमारास शेळीच्या लेंडीत अंडी वाढतात आणि करडांना पहिली लागण तिथूनच होते, म्हणून तेव्हा तिचाही डोळा बघायला विसरू नका.

आमच्याकडे येताना चिठ्ठीवर एवढं लिहून आणा: प्रत्येक करडाचं वजन आणि वय, डोळ्याचा रंग, मागचं औषध कोणतं, किती टक्क्यांचं आणि कधी दिलं. त्यावरून प्रत्येकाचे मिली आम्ही लिहून देतो आणि १, २, ५ मिलीच्या सिरिंज सोबत देतो. बाटली फोडून सुटं औषध देत नाही. लेबल आणि मुदत नसलेलं औषध तुमच्याच अंगाशी येतं. बोकड विकायचा असेल तर औषधानंतर मांसासाठी किती दिवस थांबायचं, आणि दूध काढत असाल तर दुधासाठी किती, ते लेबलवर दाखवून घ्या. ईदच्या तोंडावर हे खास विचारा.

बरोबर वजनाने पाजूनही दोन आठवड्यांनी पापणी पांढरीच असेल तर दुसरी बाटली नेऊ नका. पाच-सहा करडांच्या ताज्या लेंड्या, जमिनीवरून न उचलता थेट गुदद्वारातून काढून, वेगवेगळ्या पिशव्यांत बांधा, त्यावर करडाची खूण लिहा, गार जागी ठेवा आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीला द्या. अंड्यांचा आकडा हातात आला की औषध बदलायचं की नाही ते कळतं. तो कागद घेऊन या, मग बसून बोलू.