पोलिंग, इंटरप्ट आणि डीएमए

प्रोसेसर खूप फास्ट आणि त्याला जोडलेला कीबोर्ड, प्रिंटर, डिस्क वगैरे त्याच्यापुढे अगदीच स्लो, तर या दोघांमधे डेटाची देवाणघेवाण करायचे मुख्य तीन प्रकार म्हणजे पोलिंग, इंटरप्ट आणि डीएमए (डायरेक्ट मेमरी ॲक्सेस). समजून घ्यायला १९८१चा आयबीएम पीसी सगळ्यात बरा, कारण आजच्या मशीनमधे इतके थर आहेत की आत काय चाललंय ते दिसतच नाही. त्यात ४.७७ मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८८ होता. सिरीयल पोर्टवर (एकेक बिट ओळीने येणारं कनेक्शन, मॉडेम वगैरे जोडायला) ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटने, डेटा येत असेल तर साधारण १ मिलिसेकंदाला एक बाइट येतो, म्हणजे दोन बाइटच्या मधे प्रोसेसरच्या जवळपास ५ हजार क्लॉक सायकल (त्याच्या घड्याळाचे ठोके) निघून जातात. एवढ्या वेळात त्याने करायचं काय हाच सगळा प्रश्न.

पोलिंगमधे तो काहीच करत नाही, डिव्हाइसचं स्टेटस रजिस्टर (तयार आहे की नाही ते दाखवणारी छोटी जागा) पुन्हा पुन्हा वाचत बसतो, झालं का, झालं का. दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभं राहावं तसं. पीसीचं बायोस (मशीनमधेच बसवलेला मूळ प्रोग्रॅम) प्रिंटरला अक्षर पाठवताना हेच करायचं, प्रिंटरसाठी इंटरप्ट लाइन ७, म्हणजे त्याने स्वतः हाक मारायची तार, ठेवलेली असूनसुद्धा!

इंटरप्टमधे डिव्हाइस स्वतःच आपल्या लाइनवर सिग्नल देऊन कळवतं. पीसीत ८२५९ए नावाची चिप अशा ८ लाइन सांभाळायची (० टायमर, १ कीबोर्ड, ६ फ्लॉपी). प्रोसेसर हातातली इन्स्ट्रक्शन पुरी करतो, परतीचा पत्ता आणि फ्लॅग (त्या क्षणाची स्वतःची स्थिती) स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ठेवतो, मेमरीच्या पहिल्या १ केबीमधल्या टेबलात बघून योग्य हँडलरकडे (त्या डिव्हाइसचं काम करणाऱ्या कोडकडे) उडी मारतो आणि काम उरकलं की परत जिथे होता तिथे. छान आहे पण फुकट नाही, ही ये-जा दर वेळी करावी लागते. त्यात जुन्या ८२५० सिरीयल चिपमधे आलेला एकच बाइट ठेवायला जागा होती, तो उचलायच्या आत पुढचा आला की आधीचा गेला. नंतरच्या १६५५०ए चिपमधे १६ बाइटचा बफर आला तेव्हा कुठे फास्ट मॉडेम वापरणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

फ्लॉपीला मात्र हेही परवडत नाही. ३६० केबीच्या फ्लॉपीवरून दर ३२ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो, म्हणजे हातात जेमतेम १५० सायकल. म्हणून डीएमए: प्रोसेसर फक्त मेमरीतला पत्ता आणि किती बाइट ते ८२३७ चिपला सांगतो, ती बाइट थेट मेमरीत टाकत जाते आणि सगळं झालं की शेवटी एकच इंटरप्ट येतो. या चिपचे ४ चॅनल होते, फ्लॉपीला २ नंबरचा, आणि शून्य नंबरचा तर मेमरी रिफ्रेश करण्यातच (आतला डेटा पुसला जाऊ नये म्हणून सारखा ताजा करण्यात) अडकलेला. पैसे वाचवायला आयबीएमने पीसीज्युनियर या स्वस्त मॉडेलमधे ही चिप दिलीच नाही, मग फ्लॉपी वाचताना प्रोसेसरलाच एकेक बाइट उचलत बसावं लागायचं आणि तेवढ्यात सिरीयल पोर्टवर काही आलं तर ते हुकायचं. काटकसर नको तिथे केली, दुसरं काय.

पुढे विंडोज एक्सपीमधेही डीएमए नसण्याचा फटका बसायचा. डिस्कच्या ट्रान्सफरमधे टाइमआउट किंवा सीआरसी एरर (डेटा बिघडून आल्याची चूक) साठून ६ झाले की ते डीएमएचा वेग एकेक पायरी उतरवायचं, आणि एरर येतच राहिले तर शेवटी डीएमए सोडून पीआयओवर, म्हणजे सगळा डेटा प्रोसेसरनेच वाहायच्या पद्धतीवर यायचं, आणि युजर बिचारा मशीन स्लो का झालं म्हणून व्हायरस शोधत बसायचा.

यावरून पोलिंग म्हणजे जुनाट असं वाटेल पण तसं अजिबात नाहीये. यूएसबी माउस स्वतःहून प्रोसेसरला हाक मारूच शकत नाही, होस्ट कंट्रोलर त्याला विचारत राहतो, साध्या माउसला बऱ्याचदा सेकंदाला १२५ वेळा आणि गेमिंगवाल्याला १००० वेळा, फक्त हे विचारायचं काम प्रोसेसरच्या डोक्यावर नसतं. आणि नेटवर्क कार्डवर पॅकेटचा पूर आला की दर पॅकेटला इंटरप्ट घेऊन प्रोसेसरला दुसरं काही सुचतच नाही, म्हणून लिनक्सच्या एनएपीआय या नेटवर्क कार्ड हाताळायच्या पद्धतीमधे पहिला इंटरप्ट आला की कार्डचे पुढचे इंटरप्ट बंद करतात, रांग रिकामी होईपर्यंत सरळ पोलिंग करतात आणि मगच इंटरप्ट परत चालू.