वेबपेज आणि ईमेलर: "क्रोममध्ये तर बरोबर दिसतंय" याला काही अर्थ नाही

जानेवारीत पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदाराचा फोन आला. त्यांनी ग्राहकांना ईमेलर, म्हणजे फोटो-भावांची मांडणी करून पाठवलेला जाहिरातीचा ईमेल, धाडला होता. रॉटरडॅमच्या खरेदीदाराने उलट पाठवलेला त्याचा स्क्रीनशॉट त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता. स्क्रीनभर एकच घड. थॉमसन जातीच्या द्राक्षांचा, टपोरा, पाहत राहावा असा. पण भाव, पनेटचं (द्राक्षांच्या छोट्या डब्याचं) वजन, कंटेनरची तारीख हे सगळं उजवीकडे कुठेतरी स्क्रीनबाहेर गेलेलं. ईमेलर केलेला पोरगा वेबसाइट झकास करतो. त्याचं उत्तर ठरलेलं: "सर, क्रोममध्ये तर बरोबर दिसतंय."

नाशिकच्या कॉलेज रोडवर बसून हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

वेबपेज तुम्हाला बनवता येतं असं धरतो. किरकोळ फरक एका दमात सांगून टाकतो. ईमेलमध्ये जावास्क्रिप्ट चालत नाही, बाहेरची सीएसएस (रंग-मांडणीच्या नियमांची) फाइल जोडून उपयोग नाही, फॉर्मच्या नादी लागू नका. लोगो एसव्हीजी असेल तर जीमेल तो दाखवत नाही, पीएनजी द्या. एचटीएमएल 102 केबीच्या वर गेलं की जीमेल खालचं शेपूट कापतं. हे एकदा वाचलं की लक्षात राहतं.

लोक अडकतात ते दुसरीकडे. वेबपेज स्क्रीनवर ब्राउझर काढतो, म्हणजे रेखाटतो, आणि क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांचं आता बऱ्यापैकी जमतं. ईमेल मात्र समोरच्याचा ईमेल प्रोग्राम काढतो. विंडोजवरचं जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक ते काढतं वर्डकडून. हो, तेच वर्ड, ज्यात फोटो बोटभर सरकवला की अख्खा अर्ज पुढच्या पानावर जातो. 2003 च्या आउटलुकपर्यंत हे काम इंटरनेट एक्सप्लोररकडे होतं. 2007 पासून ते वर्डकडे गेलं.

एवढं डोक्यात बसलं की पुढचं आपोआप कळतं. वर्डला टेबल कळतं, कारण कागदपत्रांत टेबलं असतात. फ्लेक्स (लवचीक मांडणी) कळत नाही, मॅक्स-विड्थ (रुंदीची कमाल मर्यादा) कळत नाही, गोल कोपरे कळत नाहीत. त्या घडाचा फोटो 2400 पिक्सेल रुंद होता आणि सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ 100 टक्के लिहिलं होतं. वर्डने ती ओळ सोडून दिली आणि फोटो मूळ मापात काढला. दुरुस्ती एका शब्दाची: इमेज टॅगमध्येच विड्थ 600 लिहायची, पुढे पिक्सेल न लावता. मोबाइलची सीएसएस शेजारी राहू द्या, फोनवर तीच वापरली जाते.

बटणाचंही तसंच. लिंकला पॅडिंग (अक्षरांभोवतीची मोकळी जागा) दिलं तर क्लासिक आउटलुकमध्ये रंग अक्षरांना चिकटून बसतो, हायलायटर फिरवल्यासारखा. रंग आणि पॅडिंग दोन्ही टीडीला, म्हणजे टेबलाच्या घराला द्या. "2007 सालासारखी टेबलं कशाला?" असं नवी मुलं नाक मुरडून विचारतात. समोरचा 2007 सालचंच इंजिन घेऊन बसलाय म्हणून.

यावर हमखास येतं: "पण आम्ही आउटलुकमध्ये तपासलं होतं." कुठल्या? ब्राउझरमध्ये उघडतं ते आउटलुक वेगळं, मॅकवरचं वेगळं, विंडोजवरचं नवं आउटलुक तर ब्राउझरच्याच इंजिनावर चालतं. यातलं एकही वर्ड वापरत नाही. त्या पोराने ब्राउझरमधलं पाहिलं होतं. खरेदीदाराच्या ऑफिसात क्लासिक होतं. नाव एकच असल्यामुळे सगळा घोटाळा. जीमेलला लोक उगाच शिव्या देतात. 2016 मध्ये त्याने मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या मापाप्रमाणे लागू होणारी सीएसएस) घ्यायला सुरुवात केली तेव्हापासून माझं त्याच्याशी फारसं भांडण नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणून काही जण अख्खा ईमेलर एकाच फोटोत करून पाठवतात. हे मला अजिबात चालत नाही. आउटलुक बाहेरून आलेले फोटो सहसा आधी अडवून ठेवतं, म्हणजे समोरच्याला दिसते रिकामी चौकट. भाव मजकुरातच हवेत.

मराठी ईमेलर करणाऱ्यांसाठी आणखी एक. वेबफॉन्टच्या (इंटरनेटवरून उतरणाऱ्या फॉन्टच्या) भरवशावर राहू नका, जीमेल ते घेत नाही. विंडोजसाठी निर्मला यूआय, अ‍ॅपलसाठी कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडसाठी नोटो सान्स देवनागरी अशी नावं ओळीने द्या. आणि इंग्रजी टेम्प्लेटमधली लाइन-हाइट (ओळीची उंची) तशीच उचलू नका. तिथे बहुधा आउटलुकसाठी 'एक्झॅक्टली' असा नियम लिहिलेला असतो, आणि ओळ आखूड असेल तर वर्ड अक्षरांचा वरचा भाग सरळ छाटतं. इंग्रजीला वर काही नसतं, आपल्याकडे वेलांटी, मात्रा, रफार सगळं वरच. गेल्या दिवाळीत अंबडच्या एका कारखान्याने सगळ्या ग्राहकांना "हादिक शुभेच्छा" पाठवल्या.