नेदरलँडमध्ये लीजच्या जमिनीवर घर आहे? जमिनीचे पैसे टॅक्समध्ये नेमके कुठे अडकतात

अॅमस्टरडॅममध्ये घर घेतलेल्या आपल्या लोकांचे रिटर्न बघून देताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, जमिनीचे पैसे चुकीच्या रकान्यात टाकलेले असतात आणि मग वजावट नामंजूर झाल्याचं पत्र येतं.

तिथे १८९६ पासून महापालिका जमीन विकत नाही, लीजवर देते. त्याला एर्फपाख्त म्हणतात आणि दरवर्षीच्या भाड्याला कॅनॉन. ज्या घरात तुम्ही स्वतः राहता त्याचा कॅनॉन गृहकर्जाच्या व्याजासारखाच वजा होतो. घर भाड्याने दिलेलं असेल तर नाही. ३० टक्के रूलिंग (परदेशातून नोकरीसाठी आलेल्यांच्या पगाराचा काही भाग करमुक्त ठेवणारी सवलत) असलेल्यांनाही ही वजावट मिळते, कुणीतरी नाही म्हणून सांगितलं आणि लोकांनी वर्षानुवर्षं पैसे सोडून दिले, हे बघून खरंच वाईट वाटतं.

आता मुख्य घोळ. पुढच्या अनेक वर्षांचा कॅनॉन एकदम भरून मोकळं होता येतं, त्याला आफकोप म्हणतात. समजा ४०,००० युरो भरले, तर लोक तो सगळा आकडा कॅनॉनच्या रकान्यात टाकतात. तो वजा होत नाही, एकदम नाही आणि दरवर्षी थोडा थोडा वाटूनही नाही. पण त्यासाठी कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज वजा होतं, फक्त ते कर्ज ३० वर्षांच्या आत अॅन्युइटी (दरमहा सारखा हप्ता) किंवा लिनिअर (दरमहा सारखी मुद्दल) पद्धतीने फिटणारं हवं. काहीजण हे पैसे भारतातून बाबांकडून किंवा भावाकडून उसने घेतात, चालतं, पण मग लेखी करार करा, व्याज आणि हप्ते खरोखर बँकेतून जाऊ द्या आणि त्या कर्जाची माहिती रिटर्नमध्ये स्वतः भरा, कारण बँकेची माहिती टॅक्स ऑफिसला आपोआप जाते, बाबांची जात नाही. आणि आधीच्या मालकानेच आफकोप केलेला असेल तर तुम्ही काही भरतच नाही, म्हणजे वजा करायलाही काही नाही.

कागद म्हणाल तर महापालिकेचं कॅनॉनचं बिल आणि पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट. ज्या वर्षी पैसे भरले त्या वर्षात धरायचे, बिलावरचं वर्ष बघून नाही. काही बिल्डिंगमध्ये कॅनॉन सोसायटीमार्फत म्हणजे फेफेईमार्फत जातो आणि महिन्याच्या वर्गणीत मिसळलेला असतो, वर्गणी वजा होत नाही, म्हणून तुमच्या वाट्याचा कॅनॉन किती ते त्यांच्याकडून लेखी मागा. हा कागद कुणाकडेच नसतो आणि मिळायला वेळ लागतो, तर जानेवारीतच ईमेल टाका. वर्षाच्या मध्ये घर घेतलंत तर नोटरीचा हिशेबाचा कागद जपून ठेवा, विकणाऱ्याचा आणि तुमचा वाटा त्यातच दिसतो.

रिटर्न १ मार्च ते १ मे, डिजिडीने (सरकारी ऑनलाइन ओळखपत्राने) लॉगिन करून. व्याज आधीच भरलेलं दिसतं म्हणून कॅनॉनही आला असेल असं धरू नका, तो रकाना उघडून बघा. चांगल्या पगाराच्या माणसाला २०२५ साठी ही वजावट जास्तीत जास्त ३७.४८ टक्क्यांनी मिळते, म्हणजे १,८०० युरो कॅनॉनवर साधारण ६७५ युरो.

असेसमेंट, म्हणजे टॅक्स ऑफिसचं कर ठरवणारं पत्र, विरोधात आलं तर आक्षेपाला सहा आठवडे असतात आणि ते पत्रावर छापलेल्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही. सुट्टीत महिनाभर भारतात गेलेल्यांचे चार आठवडे असेच जातात, आणि ऑफिसला ही अडचण सांगून काही उपयोग होत नाही, म्हणून शेजाऱ्याला पेटी उघडून फोटो पाठवायला सांगून जा. मुदत हुकलीच तर मागची पाच वर्षं दुरुस्त करायची विनंती करता येते, २०२१ चा विसरलेला कॅनॉन ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मागता येईल.