दालीचं सुटं पान की सही-आकड्याची प्रिंट?

साल्वादोर दालीची छापील चित्रं विकायला येतात ती मुख्यतः दोन रूपांत. एक, सचित्र ग्रंथातलं सुटं पान: त्यावर पेन्सिलची सही नाही, आकडाही नाही. दुसरी, सुटी प्रिंट: खाली '१२०/३००' (म्हणजे ३०० प्रतींतली १२०वी) असं काहीतरी आणि शेजारी झोकदार सही. नवखा गिऱ्हाईक दुसरीवर भाळतो. मी असतो तर पहिलं घेतलं असतं.

इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्याच्या सचित्र ग्रंथाचीच पानं बघा. दान्तेच्या ७००व्या जयंतीसाठी इटलीच्या सरकारने दालीला चित्रं सांगितली. आपल्या कवीला स्पॅनिश चित्रकार कशाला, असा ओरडा झाला आणि सरकारने अंग काढून घेतलं. दालीने मात्र १०० जलरंगचित्रं पुरी केली. त्यांवरून रेमों जाके या कोरक्याने ३,५००च्या आसपास ठसे तयार केले, म्हणजे एका चित्राला सरासरी ३५. प्रत्येक रंग वेगळ्या ठशाने चढलेला. पॅरिसमध्ये निघालेल्या या ग्रंथाची पानं शिवलेली नव्हती, पेटीत सुटीच ठेवलेली होती. त्यामुळे सुटं पान म्हणजे फाडलेलं पान नव्हे. क्रमांक असतो तो अख्ख्या प्रतीला, आवृत्तीचा तपशील देणाऱ्या पानावर. चित्रात छापून आलेली 'दाली' ही सही ठशाचाच भाग आहे. तिचे वेगळे पैसे मोजू नयेत.

आता सही. दालीने कोऱ्या कागदांवर ढिगाने सह्या केल्या. १९७४ मध्ये फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या अंडोरा या चिमुकल्या देशाच्या सीमेवर गाडी अडवली, तर आत सही केलेले सुमारे ४०,००० कोरे कागद! अशा कागदावर पुढे काय छापलं जाईल ते छापणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे सही खरी निघाली तरी चित्राची खात्री नाही. शिवाय खोट्या सह्या आहेतच. आकडा तर कोणीही लिहावा.

म्हणून सहीआधी भिंग. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की ती ऑफसेटची, म्हणजे छायाचित्रावरून यंत्राने छापलेली नक्कल. ठशांच्या छपाईत सलग रंग एकावर एक बसलेले दिसतात. दालीच्या चित्रांसह १९६९मध्ये निघालेल्या 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'ला मात्र ही कसोटी पुरत नाही. त्यातली १२ चित्रं हेलिओग्राव्ह्युअर, म्हणजे मुळातच छायाचित्रण-तंत्राने उतरवलेली आणि तरीही अस्सल आवृत्तीतली. तिथे कागद, पानाचं माप आणि पेटीतली बाकीची पानं यांचा ताळा जुळवावा, आणि विक्रेता पेटी दाखवायला कां-कू करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.