चायकॉव्हस्की, प्यॉत्र इल्यिच : अध्यापन आणि पत्रव्यवहार

चायकॉव्हस्की, प्यॉत्र इल्यिच (७ मे १८४० – ६ नोव्हेंबर १८९३). रशियन संगीतरचनाकार आणि मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचा (संगीत महाविद्यालयाचा) सुरुवातीच्या काळातील प्राध्यापक. ‘स्वान लेक’ आणि ‘नटक्रॅकर’ या बॅलेंनी त्याचे नाव जगभर पोचवले. त्याच्या आयुष्याबद्दल खात्रीने जे सांगता येते, त्याचा मोठा भाग मात्र पत्रांतून आलेला आहे. त्याची पाच हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालत असे आणि ती पश्चिम युरोपच्या १२ दिवस मागे होती. त्यामुळे परदेशातून लिहिलेल्या त्याच्या पत्रांवर बहुधा दोन तारखा असतात. या नोंदीतील तारखा नव्या कालगणनेनुसार आहेत.

त्याचा जन्म उरल पर्वताच्या पश्चिमेकडील व्होटकिन्स्क येथे झाला. वडील खाण-अभियंता असून तेथील लोखंडाच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. आई १८५४ मध्ये पटकीने गेली. सेंट पीटर्सबर्गच्या विधिविद्यालयातून तो १८५९ मध्ये बाहेर पडला आणि न्याय मंत्रालयात कारकुनी करू लागला. अंतोन रुबिनस्टाइनने १८६२ मध्ये शहरात कॉन्झर्व्हेटरी काढली. तिथे त्याने नाव घातले आणि पुढच्याच वर्षी नोकरी सोडली.

अंतोनचा भाऊ निकोलाय याने त्याला १८६६ च्या आरंभी मॉस्कोला शिकवायला बोलावले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरी रीतसर सुरू झाली. चायकॉव्हस्की तेथे हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचे शास्त्र) आणि संगीतशास्त्राचे इतर विषय सुमारे बारा वर्षे शिकवत होता. विद्यार्थ्यांना धडे हवेत म्हणून त्याने हार्मनीवर पुस्तक लिहिले. १८७२ मध्ये छापलेले हे पुस्तक रशियन लेखकाने लिहिलेले या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते. शिकवण्यात त्याचे मन मात्र कधी रमले नाही. वर्गातले तास म्हणजे रचनेचे चोरलेले तास, अशी त्याची भावना होती. तरीही सेर्गेय तानेयेव्हसारखा शिष्य याच वर्गातून तयार झाला आणि गुरूने पद सोडल्यावर हार्मनीचे वर्ग त्याच्याकडे आले.

या पत्रव्यवहाराचा गाभा म्हणजे नाद्येझ्दा फॉन मेक (१८३१–१८९४) हिच्याशी चौदा वर्षे चाललेली बाराशेहून अधिक पत्रांची देवाणघेवाण. रेल्वे बांधणीतून गडगंज झालेल्या उद्योजकाची ती विधवा. तिच्या पदरी व्हायोलिन वाजवणारा योसिफ कोतेक हा चायकॉव्हस्कीचाच माजी विद्यार्थी होता आणि ओळख त्याच्या मार्फत झाली. तिचे पहिले पत्र डिसेंबर १८७६ चे आहे, एका छोट्या संगीतकामाबद्दल आभार मानणारे. पुढे दोघांनी एकमेकांना भेटायचे नाही असे ठरवले. तिने त्याला सालाना ६,००० रूबल द्यायला सुरुवात केली आणि त्या बळावर ऑक्टोबर १८७८ मध्ये त्याने प्राध्यापकी सोडली.

भेट टाळण्याचा नियम पाळणे सोपे नव्हते. तिच्या ब्राइलोव्ह येथील इस्टेटीवर तो राहिला, पण ती तिथे नसताना. १८७८ च्या शरदात फ्लॉरेन्समध्ये तिने स्वतःच्या बंगल्यापासून जवळच त्याच्यासाठी घर घेतले होते; निरोप्या चिठ्ठ्या घेऊन ये-जा करी. १८७९ च्या ऑगस्टमध्ये ब्राइलोव्हजवळच्या रानात दोघांच्या गाड्या अचानक समोरासमोर आल्या. त्याने टोपी उचलली, ती गोंधळली, आणि गाड्या पुढे गेल्या. याच बाईकडे १८८० च्या उन्हाळ्यात पुढे फ्रेंच संगीतकार म्हणून गाजलेला तरुण क्लोद देब्युसी पियानो वाजवायला होता. त्याची एक रचना तिने चायकॉव्हस्कीला पाठवली. गोड आहे पण फारच आखूड, असा अभिप्राय आला.

१८७७ हे वर्ष त्याला जड गेले. आन्तोनिना मिल्युकोव्हा या कॉन्झर्व्हेटरीच्या माजी विद्यार्थिनीने त्याला प्रेमपत्रे लिहिली आणि जुलैमध्ये त्याने तिच्याशी लग्न केले. काही आठवड्यांतच संसार मोडला. त्या वेळी तो पुश्किनच्या काव्यकथेवर ‘येवगेनी ओनेगिन’ हा ऑपेरा रचत होता आणि त्यातही नायिका पत्रानेच प्रेम कळवते. हे साम्य सर्व चरित्रकार सांगतात. पण ऑपेरानेच लग्न घडवले ही कथा मुख्यतः एका मित्राने फार उशिरा लिहिलेल्या आठवणींवर उभी आहे, तेव्हा ती जपूनच घ्यावी. भाऊ मोदेस्त याला लिहिलेल्या पत्रांत त्याने आपल्या समलैंगिकतेबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे.

कोणाला लिहिले आहे यावर पत्रातला माणूस बदलतो. चौथी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना) त्याने फॉन मेकला ‘माझ्या सर्वोत्तम मित्राला’ म्हणून अर्पण केली; तिच्याशी बोलताना ती ‘आपली सिंफनी’ असे. १ मार्च १८७८ रोजी फ्लॉरेन्सहून त्याने तिला या कृतीचा भावार्थ सविस्तर कळवला: सुरुवातीचा तुतारीघोष म्हणजे दैव, वगैरे. काहीच आठवड्यांनी तानेयेव्हने या सिंफनीवर टीका केली, त्यात बॅलेसारखे तुकडे फार आहेत म्हणून. त्याला उत्तर देताना सूर वेगळाच आहे. कृतीमागे आशय आहे, पण तो शब्दांत मांडण्यासारखा नाही, आणि घाट बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीवरून घेतला आहे, असे तो लिहितो. मैफलीच्या पत्रकांत मात्र पहिलेच पत्र उद्धृत होत आले. पहिला पियानो कॉन्सर्टो (पियानो आणि वाद्यवृंद यांसाठीची रचना) जानेवारी १८७५ मध्ये निकोलाय रुबिनस्टाइनने कसा झोडपला, ही प्रसिद्ध हकिकतही फॉन मेकला तीन वर्षांनी लिहिलेल्या पत्रातलीच आहे. त्यात दुखावलेल्या माणसाची रंगत उतरणारच.

१८९० च्या शरदात फॉन मेकने आर्थिक अडचणीचे कारण देऊन मदत थांबवली आणि पत्रेही थांबली. झार सरकारकडून त्याला १८८८ पासून ३,००० रूबलचे निवृत्तिवेतन होते, त्यामुळे उपासमारीची वेळ नव्हती. पैशापेक्षा अबोला त्याला लागला. सहाव्या सिंफनीच्या पहिल्या प्रयोगानंतर नऊ दिवसांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये तो पटकीने वारला. दोनएक महिन्यांत नीस येथे तीही गेली.

मोदेस्तने भावाचे तीन खंडी चरित्र लिहिताना पत्रे निवडून आणि छाटून वापरली. फॉन मेकशी झालेला पत्रव्यवहार १९३४–३६ मध्ये तीन खंडांत छापला गेला, पण नंतरच्या सोव्हिएत आवृत्त्यांतही खासगी मजकुराला कात्री लागतच राहिली. मूळ कागदांचा मोठा साठा मॉस्कोजवळील क्लिन येथे, त्याच्या शेवटच्या घरातील संग्रहालयात आहे. १९४१ मध्ये जर्मन सैन्य जवळ आले तेव्हा हा संग्रह व्होटकिन्स्कला, त्याच्या जन्मगावी हलवण्यात आला होता.