रेस तीन दिवसांची, तयारी पंधरा दिवसांची

कॅबिनेटचं साईड पॅनल उघडलं तर सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, हीटसिंकवर (त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) धुळीची चक्क गोधडी बसलेली, पात्यांच्या फटीतून पलीकडचं दिसायला हवं तिथे राखाडी थर. रोजच्या वापरात हे कधी जाणवलंच नव्हतं, कारण ब्राउझर आणि चार फाइली उघडून बसणाऱ्या माणसाचा प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ झोपाच काढत असतो. पण आता एका रेससाठी त्याला सलग तीन दिवस रात्रंदिवस, सगळे कोअर शंभर टक्के लावून पळवायचं होतं, आणि मग कळतं की आपला पीसी आपल्याला वाटतो तितका धडधाकट नाहीये.

आधी ही रेस म्हणजे काय ते सांगतो. १९९९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने सेटी-ॲट-होम नावाचा प्रकार सुरू केला, अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा बारीक तुकडे करून लोकांच्या घरच्या पीसीवर पाठवायचा आणि त्यात परग्रहावरून आलेला सिग्नल आहे का ते पीसी रिकामा असेल तेव्हा शोधायचं. सिग्नल काही सापडला नाही, २०२० च्या मार्चअखेर त्यांनी नवीन काम पाठवणंही थांबवलं, पण त्यातूनच डेव्हिड अँडरसन यांनी बॉइंक हे सॉफ्टवेअर उभं केलं आणि आता त्याच एका सॉफ्टवेअरवर कितीतरी प्रोजेक्ट चालतात. कोणी प्रथिनांच्या घड्या सोडवतंय, कोणी मूळ संख्या शोधतंय, आइन्स्टाइन-ॲट-होमवर तर २०१० साली लोकांच्या घरच्या मशीननी एक नवीन पल्सार, म्हणजे रेडिओ लहरींची स्पंदनं सोडणारा फिरता तारा, शोधून काढला. केलेल्या कामाचे पॉइंट मिळतात, पॉइंट आले की टीम आल्या, आणि टीम आल्या की चढाओढ आलीच. २०१० पासून सेटी-जर्मनी ही टीम दरवर्षी मे महिन्यात बॉइंक पेंटॅथ्लॉन भरवते, त्यात स्प्रिंट ३ दिवसांची आणि मॅरेथॉन १४ दिवसांची, आणि कुठल्या प्रकारात कुठलं प्रोजेक्ट असणार ते फक्त काही दिवस आधी कळतं. मूळ संख्यावाल्या प्राइमग्रिडच्या स्वतःच्या वेगळ्या रेस वर्षभर चालूच असतात.

नवीन माणूस इथे पहिली चूक करतो ती म्हणजे तयारी म्हणजे स्पीड वाढवणं असं समजतो. मीही तेच केलं होतं. पण पॉइंट काम संपवल्याचे मिळत नाहीत, उत्तर बरोबर निघाल्याचे मिळतात. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये तोच तुकडा दोन वेगळ्या माणसांच्या मशीनवर जातो, दोघांची उत्तरं जुळली तरच दोघांना पॉइंट, नाही जुळली तर तिसऱ्याकडे जातो आणि ज्याचं चुकलं त्याला भोपळा, मग त्याने त्यावर सहा तास घालवलेले का असेनात. या दुसऱ्या माणसाला विंगमन म्हणतात, तो कोण कुठला आपल्याला माहीतही नसतं. काही प्रोजेक्ट भरवशाच्या मशीनला अशी जोडी लावत नाहीत, लागोपाठ बरीच उत्तरं बरोबर आली की एकट्याचं उत्तर चालतं, पण एक उत्तर चुकलं की तो भरवसा शून्यावर, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रेसच्या आधीचे पंधरा दिवस मशीन फास्ट करण्यात नाही, मशीन चुकणार नाही हे बघण्यात घालवायचे.

सुरुवात धुळीपासून. हवेचा स्प्रे किंवा ब्लोअर मारायचा, पण मारताना फॅनचं पातं बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवायचं, नाहीतर हवेच्या झोताने फॅन भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते. मशीन तीन-चार वर्षांचं असेल तर हीटसिंक काढून जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावायची. ही पेस्ट काही जादू नाही, प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी दोघांमध्ये बारीक फटी राहतात, त्यात हवा असते आणि हवा उष्णता वाहून नेण्यात अगदीच ढ, म्हणून ती जागा पेस्टने भरायची. वाटाण्याएवढी पुरते, ब्रेडवर बटर लावल्यासारखी थापायची गरज नाही.

एवढं केल्यावर माझ्या पीसीचं फुल लोडवरचं टेंपरेचर ९८ वरून ८१ डिग्रीवर आलं. ९८ ला मशीन बंद पडत नव्हतं हे खरं, पण आजकालचे प्रोसेसर साधारण ९५ ते १०० च्या आसपास पोचले की स्वतःच स्पीड कमी करतात, याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे मी ज्या स्पीडचे पैसे मोजले तो मला मिळतच नव्हता आणि गोधडीमुळे मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता व्होल्टेजची गंमत. चिपमध्ये जळणारी पॉवर ढोबळमानाने फ्रिक्वेन्सी (म्हणजे चिपचा स्पीड) गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी चालते. समजा स्पीड १० टक्के वाढवला आणि तो पेलायला व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे १.३३, तेहेतीस टक्के जास्त उष्णता, फक्त दहा टक्के जास्त कामासाठी. तेच उलटं करा, दोन्ही १० टक्के कमी, तर ०.९ गुणिले ०.८१, म्हणजे ०.७३, दहा टक्के काम सोडलं आणि सत्तावीस टक्के पॉवर वाचली. ही आकडेमोड एकदा स्वतः कागदावर करून बघितली की ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप ठरल्यापेक्षा जास्त स्पीडने पळवायची, खाज बरीच कमी होते. तीन दिवसांच्या स्प्रिंटमध्ये काही लोक तरीही करतात, करू देत, पण चौदा दिवसांसाठी मी ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट खाली आणतो, फॅनचा आवाज कमी होतो आणि घरातल्यांची कुरकुर थांबते. सीपीयूचं नुसतं व्होल्टेज खाली आणायचं असेल तर मात्र जपून, फार खाली गेलं की मशीन बंद पडत नाही, ते गुपचूप चुकायला लागतं.

या गुपचूप चुकण्याचा किस्सा असा. एकदा मी रॅम तिच्या डब्यावर लिहिलेल्या फास्ट प्रोफाइलवर चालवत होतो, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) हे प्रोफाइल, म्हणजे एक्सएमपी, ऑन, सगळं मस्त, गेम चालतात, व्हिडिओ चालतात, महिनोन्महिने एकदाही क्रॅश नाही. रेस सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर निकालांपैकी जवळपास तिसरा हिस्सा इनव्हॅलिड, म्हणजे चुकलेला. व्हिडिओत एखाद्या पिक्सेलचा रंग चुकला तर कोणाच्या बापाला कळणार आहे, पण इथे हिशोब वेगळा आहे.

मूळ संख्या तपासायचं उदाहरण घ्या म्हणजे कळेल. २०२४ साली सापडलेली आजवरची सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. अशी संख्या तपासायला एका आकड्याचा वर्ग करायचा, त्या संख्येने भागून बाकी घ्यायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा बाकी, असं साधारण साडेतेरा कोटी वेळा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. म्हणजे आठ कोटीव्या पायरीला रॅममधला एक बिट शून्याचा एक झाला की त्यापुढची साडेपाच कोटी गणितं मशीन अगदी मन लावून, एकही चूक न करता, चुकीच्या आकड्यावर करत बसणार. शेवटी येणाऱ्या कचऱ्याकडे बघून काही कळतही नाही, तो कचरा उत्तरासारखाच दिसतो. २०१७ साली रॉबर्ट गेर्बित्स यांनी यावर एक भारी युक्ती काढली, मधेमधे एक ताळा घेऊन हिशोब जुळतोय का ते बघायचं आणि नाही जुळला तर शेवटच्या बरोबर ठिकाणी मागे जायचं, याने वेळ जेमतेम वाढतो आणि जवळजवळ सगळ्या चुका पकडल्या जातात. पण ही सोय या ठरावीक गणितालाच आहे, प्रथिनांच्या घड्यांना ताळा घेता येत नाही.

म्हणून टॉर्चर टेस्ट. मूळ संख्यावाल्यांचंच प्राइम९५ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी गणितं ते मशीनकडून तासन्‌तास करून घेतं आणि उत्तर ताडून बघतं. २०१६ मध्ये तर याच सॉफ्टवेअरने इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष उघड केला, एका ठरावीक गणितावर मशीन गोठायचं, शेवटी इंटेलने दोष मान्य करून बायोस अपडेटने तो सुधारला. मी रात्रभर प्राइम९५ आणि दुसऱ्या रात्री रॅमसाठी मेमटेस्ट८६ चालवतो. एक जरी एरर आली तरी रॅमचा स्पीड एक पायरी खाली आणि पुन्हा टेस्ट. कंटाळवाणं काम आहे, पण एक्सएमपी बंद केल्यापासून माझ्याकडे इनव्हॅलिडचा कॉलम रिकामा आहे.

नंतर प्रश्न येतो किती कामं एकदम चालवायची. प्रोसेसरला सोळा थ्रेड आहेत, म्हणजे एकदम सोळा कामं घेता येतात, म्हणून सोळा कामं, असं बॉइंक आपणहून करतं आणि ते बऱ्याचदा चुकीचं असतं. एकेका कामाला दीड जीबी रॅम लागत असेल तर सोळा कामांना २४ जीबी, आणि मशीनमध्ये १६ असतील तर उरलेलं सगळं डिस्कवर ये-जा करत बसणार, प्रोसेसर नुसता वाट बघणार. मूळ संख्यांमध्ये अडचण रॅमची नाही, कॅशची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण फास्ट मेमरीची. तिथले गुणाकार एफएफटी नावाच्या पद्धतीने होतात, १०२४ के, म्हणजे साधारण साडेदहा लाख आकड्यांच्या, साइजच्या एफएफटीला ८ एमबी डेटा लागतो, आणि प्रोसेसरची एल३ कॅश १६ एमबी असेल तर त्यात अशी दोनच कामं मावतात. आठ कोअरवर आठ कामं सोडली की सगळी एकमेकांचा डेटा कॅशमधून ढकलून देतात आणि सगळीच रखडतात, त्याऐवजी दोन कामं घेऊन प्रत्येकाला चार कोअर दिले की दिवसाची एकूण कामं जास्त होतात. हायपरथ्रेडिंगचा, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याचा, इथे सहसा उपयोग नाही, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये मात्र चांगला होतो, तेव्हा रेसचं प्रोजेक्ट कळलं की दोन्ही करून मोजायचं. ग्राफिक्स कार्डचंही तसंच, आताची बरीचशी गेमिंग कार्डं डबल प्रिसिजनच्या, म्हणजे जास्त अंकांपर्यंत अचूक, गणितात सिंगलच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या स्पीडने चालतात, म्हणजे एका प्रोजेक्टमध्ये हिरो असलेलं कार्ड दुसरीकडे झिरो. आणि कार्डाला सतत डेटा भरवायला सीपीयूचा एक थ्रेड मोकळा सोडायचा, हे सगळे विसरतात.

विजेचा हिशोब आधीच करा. ३०० वॅट ओढणारा पीसी दिवसाला ७.२ युनिट खातो, चौदा दिवसांचे शंभर युनिट झाले. आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते, म्हणजे खोलीत ३०० वॅटचा हीटर चालू ठेवल्यासारखं, दार बंद असेल तर खोली तापते, खोली तापली की पीसीत गरम हवाच जाते आणि वरची सगळी मेहनत पाण्यात. दोन-तीन मशीन एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावली असतील तर तासाभराने प्लगला हात लावून बघा, गरम लागला तर वेगळं कनेक्शन घ्या. लॅपटॉप या भानगडीत शक्यतो घालूच नये, घातलाच तर अर्धे कोअर द्यायचे. बॉइंकमध्ये सीपीयू टाइम टक्क्यात कमी करायची सेटिंग आहे तिच्या नादी लागू नका, ती काम दर सेकंदाला चालू-बंद करते आणि टेंपरेचर वर-खाली नाचत राहतं, त्यापेक्षा कोअर कमी केलेले बरे.

स्लीप बंद, आणि ऑटोमॅटिक अपडेट रेस संपेपर्यंत पुढे ढकललेले. रात्री तीन वाजता अपडेटसाठी रीस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर सकाळपर्यंत गप्प उभा असलेला पीसी ज्याने पाहिलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

शेवटी बंकर. पेंटॅथ्लॉनमध्ये मोजले जातात ते ठरलेल्या वेळात जमा झालेले पॉइंट, काम कधी केलं याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून लोक तीन-चार दिवस आधीच कामं डाउनलोड करून घेतात, बॉइंकचं नेटवर्क बंद करतात, कामं संपवून उत्तरं स्वतःकडे दाबून ठेवतात आणि घड्याळात शून्य वाजले की सगळी एकदम सोडतात. घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं बरं का, आपलं नाही. काहींना हे चीटिंग वाटतं, मला नाही वाटत, सगळ्यांना माहीत असलेली चाल आहे. फक्त तीन गोष्टींत माणूस फसतो. कामांच्या डेडलाइन बंकरमध्येच संपल्या तर कष्ट वाया. सुरुवातीच्या आणि शेवटच्या तासात सगळेच एकदम अपलोड करतात आणि सर्व्हर गुदमरतो, तेव्हा शेवटच्या तासासाठी काही दाबून ठेवायचं म्हणजे जुगारच. आणि तुमचा विंगमनही बंकर करून बसला असेल तर तुमचं उत्तर पेंडिंग, तो कधी उघडेल ते त्याच्यावर. म्हणून मी बंकर पहिल्या दिवशीच फोडतो आणि शेवटच्या दिवशी लांबलचक कामं घेतच नाही.

रेस संपल्यावर हातात उरलेली कामं एकतर संपवा नाहीतर अबॉर्ट करा, पण बॉइंक नुसतं अनइन्स्टॉल करून मोकळे होऊ नका. अबॉर्ट केलेलं काम लगेच दुसऱ्याकडे जातं, टाकून दिलेलं डेडलाइन संपेपर्यंत तुमच्याच नावावर पडून राहतं, आणि तिकडे कोणीतरी विंगमन त्याचं बरोबर उत्तर घेऊन तुमची वाट बघत बसतो. माझी मागच्या रेसची दोन उत्तरं अजून तशीच पेंडिंग आहेत.