पार्श्वभूमी : ब्लॅक बेल्ट, पोलिसांतली नोंद आणि फुटणारी कौलं

कराटे-तायक्वांदोबद्दलचे पुण्यातले बहुतेक गैरसमज गेल्या पन्नासेक वर्षांतले आहेत. लढण्याची विद्या शहराला त्याआधीही नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात गंज पेठेतल्या तालमीत कुस्तीबरोबर दांडपट्टाही शिकवला जाई. तिथे बेल्ट नव्हते, ग्रेडिंग म्हणजे बेल्टची परीक्षाही नव्हती. पैलवान कोणाशी जोड धरतो यावरून त्याचा दर्जा कळायचा. १९७०च्या दशकात हाँगकाँगचे मारधाडीचे चित्रपट आले, पाठोपाठ शाळांच्या सभागृहांत आणि पुढे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये क्लास निघाले. खरा घोळ तिथपासूनचा, आणि तो मुख्यतः ब्लॅक बेल्टभोवतीच आहे.

पांढरा बेल्ट वर्षानुवर्षं न धुतल्याने घामाने, मातीने काळा होत गेला, ही कथा क्लासमध्ये अजून ऐकवली जाते. कथा छान आहे, पण खरी नाही. ज्युदो १८८२ साली टोकियोत सुरू झाला आणि त्याच दशकात वरच्या श्रेणीतले विद्यार्थी ओळखू यावेत म्हणून काळा पट्टा ठरवण्यात आला. हा निव्वळ शिक्षकाच्या सोयीचा निर्णय होता. ओकिनावातल्या जुन्या कराटेत बेल्टच नव्हते. १९२२मध्ये कराटे जपानच्या मुख्य भूमीवर गेलं, तिथे त्याने ज्युदोचा पोशाख आणि श्रेणी उचलल्या, आणि कराटेतली पहिली दान श्रेणी, म्हणजे ब्लॅक बेल्टची पातळी, १९२४ साली दिली गेली. पिवळा, नारिंगी, हिरवा हे रंग तर युरोपातले : १९२०च्या दशकात लंडन, १९३५नंतर पॅरिस. पाश्चात्त्य विद्यार्थ्यांचा धीर टिकावा म्हणून मधल्या पायऱ्या वाढवल्या गेल्या. म्हणजे ज्याला ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणतात, ती रंगांची शिडी शंभर वर्षांचीही जेमतेम आहे.

शिडी वाईट नाही, हिशेब मात्र करावा. आठवड्याला दोन दिवस, रोज एक तास, म्हणजे वर्षाला साधारण १०० तास. प्रत्येक तासातला पाव तास वॉर्मअपला, बराचसा काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि रांगेतल्या पंच-किकला. समोरचा खरोखर विरोध करतोय अशी फाइट किती झाली, हा प्रश्न ग्रेडिंगच्या दिवशी कोणी विचारत नाही. चार वर्षांत मिळालेला ब्लॅक बेल्ट पाया पक्का झाल्याचं सांगतो, त्याहून जास्त नाही. नवव्या वर्षीचा ज्युनिअर ब्लॅक बेल्ट तर वेगळाच प्रकार. तायक्वांदोत पंधराच्या आतल्या मुलांना दानऐवजी ‘पूम’ देतात आणि त्यांचा बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो. पालकांच्या कौतुकात हा फरक हरवतो.

दुसरी हट्टी समजूत अशी, की ब्लॅक बेल्टधारकाने पोलीस चौकीत नाव नोंदवायचं असतं, कारण त्याचे हात ‘शस्त्र’ ठरतात. भारतात असा नियम नाही. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे नियम वस्तूंबद्दल बोलतात, हातापायांबद्दल नाही. गंमत म्हणजे पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाच्या कायद्यात कराटे-ज्युदोच्या जाणकारांनी नोंदणी करावी असं खरंच लिहिलेलं आहे. पुण्यात लागू होतो तो स्वसंरक्षणाचा हक्क : पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं ९६ ते १०६, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४. त्याची मर्यादा सर्वांना सारखी : गरजेपेक्षा जास्त इजा नको. पडलेल्याला पुन्हा लाथ मारली की अडचण तिथे सुरू होते, बेल्ट कुठलाही असो.

मंडपातल्या प्रात्यक्षिकांनीही समज बिघडवले. कौलं एकावर एक रचताना मध्ये लाकडी तुकडे ठेवतात. वरचं फुटलं की त्याचे तुकडे खालच्यावर आदळतात आणि रास पाठोपाठ कोसळते. मधले लाकडी तुकडे काढून कौलं एकमेकांना टेकवून ठेवा, सगळी एकदम वाकवावी लागतात आणि जोर कित्येक पट लागतो. फळी सुकी, मऊ लाकडाची, दीड-दोन सेंटिमीटर जाडीची घेतात आणि तिच्या रेषा दोन्ही आधारांना समांतर ठेवतात. रेषा आडव्या झाल्या तर फळी शाबूत राहते आणि करंगळीमागचं हाड मोडतं. हात कडक करायला लागतोच, पण बाकीचं काम रचणाऱ्याचं असतं.

डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या घटनेनंतर शाळा-कॉलेजांत दोन-तीन तासांची स्वसंरक्षण शिबिरं वाढली. मनगट सोडवण्याची युक्ती त्यात शिकवतात. जोडीदार सैल धरतो म्हणून ती जमते. पूर्ण ताकदीने, घामेजल्या हातांनी, धक्काबुक्कीत ती पुन्हापुन्हा केल्याशिवाय अंगात मुरत नाही. सुऱ्यासमोर तर अंतर आणि पळण्याची वाट याला पर्याय नाही, हे मात्र शिबिरात टाळ्या मिळवत नाही.

अलीकडचा गुंता प्रमाणपत्रांचा. तायक्वांदो २०००पासून ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ आहे. कराटे टोकियो ऑलिंपिकमध्ये आलं आणि पुढच्या पॅरिस ऑलिंपिकच्या यादीतून गळलं. राज्यात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे ‘ब्लॅक बेल्ट झाला की गुण’ असा निरोप पालकांच्या गटांतून फिरतो. गुण मिळतात ते मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीला. तेव्हा प्रवेश घेताना क्लासला विचारायचं ते इतकंच, की मुलं कोणत्या संघटनेच्या स्पर्धांत उतरतात आणि ती संघटना शासनाच्या यादीत आहे का.